लहान मुलांची भूल: उपाशी ठेवायचं ते नक्की किती तास, आणि पाणी कधीपर्यंत?

सिस्टर_कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार सर, मॅडम. सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दर मंगळवारी लहान मुलांची लिस्ट असते. हर्निया, हायड्रोसील, खाली न उतरलेलं वृषण, टॉन्सिल, सुंता. वय 6 महिन्यांपासून 10 वर्षांपर्यंत. मुलं आदल्या आठवड्यात तपासून जातात आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मंडळी पहाटेच्या गाडीने निघतात.

पालकांना द्यायच्या पत्रकावर एकच ओळ आहे: "रात्री 12 नंतर तोंडाने काहीही देऊ नये." लिस्ट 9 ला सुरू होते आणि शेवटच्या मुलाचा नंबर लागेपर्यंत दुपारचा 1 वाजतो. म्हणजे तीन वर्षांचं पोर 13 तास कोरडं. ओठ सुकलेले, रडून घसा बसलेला, सलाईनला शीर सापडत नाही. आणि दुसरीकडे, वाटेत कोणीतरी काहीतरी भरवलेलं असतं आणि ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

नवं पत्रक लिहायचं आहे. तीन गोष्टी विचारते. पाणी किती वाजेपर्यंत पाजलं तर चालतं? अंगावरचं दूध, वरचं दूध, पेज, शहाळं, ताक यांचं काय धरायचं? आणि एखाद्या मुलाने खाल्लंच असेल तर लिस्टवर त्याचं काय करायचं? कारणासकट सांगितलंत तर स्टाफला समजावता येईल.

---

भूल_मिरज (भूलतज्ज्ञ)

सिस्टर, ती ओळ आधी काढून टाका. तिने मूल सुरक्षित होत नाही, नुसतं सुकतं.

आधी कारण. जागेपणी पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला तर ठसका लागतो. भुलीत तो ठसकाच लागत नाही. त्याच वेळी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असलेला, जठरातलं वर येऊ न देणारा स्नायू सैल पडतो. त्यामुळे पोटातलं घशात आलं की ते सरळ श्वासनलिकेत उतरतं. 1946 साली कर्टिस मेंडेल्सन या अमेरिकी डॉक्टरने बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमधले असे प्रसंग तपासले. 44,016 गरोदरपणांत 66. त्यात त्याने दोन वेगळे घात दाखवले. घट्ट अन्नाचा तुकडा गेला तर श्वासनळी तुंबून जीव गुदमरतो, आणि आम्ल पाणी गेलं तर फुप्फुस आतून भाजतं. उपाशी ठेवण्याचे नियम पुढे या दोन्ही भीतींतून कडक होत गेले आणि पाणी व जेवण एकाच मापाने मोजलं जाऊ लागलं. चूक तिथे झाली.

साधं पाणी जठरात थांबत नाही. अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त पुढे सरकतं. जेवणाला तास लागतात, कारण घट्ट कण बारीक झाल्याशिवाय जठराचं खालचं दार त्यांना सोडत नाही. आणि 12 तास उपाशी ठेवलं म्हणून पोट ठणठणीत कोरडं होतं असंही नाही. लाळ गिळली जाते, जठराचा रस पाझरत राहतो. 2 तासांपूर्वी पाणी प्यायलेल्या मुलाच्या पोटात उरणारं पाणी रात्रभर कोरड्या ठेवलेल्या मुलापेक्षा जास्त नसतं, हे अनेक अभ्यासांत परत परत दिसलं आहे.

आता आकडे. आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेला नियम 2-4-6 चा: स्वच्छ पाणी 2 तास, अंगावरचं दूध 4 तास, वरचं दूध आणि हलकं खाणं 6 तास. तळलेलं, तुपातलं, मटण असेल तर 8. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेचाही हाच नियम आहे, आणि 2023 च्या पुरवणीत त्यांनी मुलांना 2 तासांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं पाणी पाजत जावं असं आवर्जून म्हटलं आहे. ब्रिटन आणि युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये पाण्याची मर्यादा 1 तासावर आणली. 2022 च्या युरोपीय नियमावलीत पाणी 1 तास, अंगावरचं दूध 3, डब्याचं दूध 4, जेवण 6 असं आहे.

तुमच्या ठिकाणी मी पाण्याला 2 तास छापेन आणि वॉर्डात तुमच्या हाताने 1 तासापर्यंत पाजायची मुभा भूलतज्ज्ञाकडे ठेवेन. 1 तासाला पाजताना माप ठेवा: किलोला 3 मिली. 12 किलोच्या मुलाला 36 मिली, सिरिंजने मोजून. 2 तास आधी पाजताना मोजत बसायची गरज नाही, मूल तहान भागेल इतकं पिऊ दे.

दुधात फरक का, हे स्टाफ हमखास विचारेल. जठरातल्या आम्लात दुधातलं केसीन हे प्रथिन फाटतं, त्याची गुठळी होते आणि ती घट्ट अन्नासारखी वागते. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन असतं, आईच्या दुधात साधारण 40. म्हणून अंगावरचं दूध लवकर पुढे जातं. म्हशीच्या दुधात साय जास्त, म्हणजे पोटात थांबणंही जास्त. पाणी घालून पातळ केलेलं दूधही दूधच धरा.

स्वच्छ पाणी म्हणजे काय, याची सोपी खूण पत्रकावर द्या. काचेच्या पेल्यात ओतून मागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. साधं पाणी, साखरपाणी, ओआरएस, गाळलेलं शहाळ्याचं पाणी चालतं. ताक, पेज, भाताचं पाणी, दुधाचा चहा, उसाचा रस चालत नाही. उसाचा रस पाण्यासारखा वाटतो, पण तो गढूळ असतो आणि त्यात चोथ्याचे कण असतात. रसवंत्या जिथे पावलोपावली आहेत तिथे हे वेगळं लिहावंच लागेल.

एक शब्द जपून वापरा. पत्रकावर "उपास" लिहू नका. आपल्याकडे उपासाला साबुदाण्याची खिचडी, केळं, शेंगदाण्याचा लाडू चालतो. "मुलाला उपास घडवा" असं वाचून खरंच केळं भरवून आणतात, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असतं. "पोटात अन्न नको, पाणी चालेल" असं लिहा. आणि तास लिहू नका, वाजलेलं लिहा. "6 तास आधी" हे गणित पहाटे अंधारात कोणी करत नाही.

---

बालशल्य_सांगली (बालशल्यचिकित्सक)

वरचं सगळं मान्य. पण एक गोष्ट ठळक करतो, नाहीतर वाचणारा पाण्याच्या तासातच अडकून पडेल. जीव जातो तो पाण्यामुळे नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये, निरोगी मुलात, हा धोका फार कमी असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 1999 साली छापलेल्या आकडेवारीत 63,180 मुलांच्या भुलींपैकी 24 वेळा पोटातलं फुप्फुसात गेलं. ठरलेल्या ऑपरेशनमध्ये 4,544 मध्ये एकदा, तातडीच्या ऑपरेशनमध्ये 373 मध्ये एकदा. जवळजवळ बारापट फरक. आणि तातडीतली बहुतेक मुलं आतडं अडलेली किंवा आतड्याची हालचाल थांबलेली होती.

अशा पोटाला तास लागू होत नाहीत. आतडं अडलं असेल तर मूल 20 तास उपाशी असो, पोट भरलेलंच धरायचं, कारण वरून काही गेलं नाही तरी खालून परत येत असतं. हिरवी उलटी, फुगलेलं पोट, आतड्यात आतडं शिरलेलं, अडकलेला हर्निया, फुटलेलं अपेंडिक्स: ही सगळी भरल्या पोटाची मुलं. मंगळवारच्या लिस्टमधला हर्निया आणि रात्री 11 ला रडत आलेला अडकलेला हर्निया, नाव एक असलं तरी भुलीच्या दृष्टीने दोन वेगळे आजार आहेत.

दुसरी फसवी जागा म्हणजे हाड मोडलेलं मूल. चिंचेच्या झाडावरून पडून कोपर मोडलं, संध्याकाळी 5 ला. जेवण दुपारी 4 ला. रात्री 11 ला ऑपरेशन ठरलं की फॉर्मवर "7 तास उपाशी" लिहिलं जातं. ते खोटं आहे. दुखापतीच्या कळेने जठर जागच्या जागी थांबतं. मोजायचं अंतर जेवण आणि पडणं यांच्यातलं. इथे ते एक तास आहे, म्हणजे पोट भरलेलं. त्यात कळ थांबवायला मॉर्फीन किंवा ट्रमाडोल दिलं असेल तर जठर आणखी मंदावतं. हाताची नाडी लागत असेल, बोटं गरम असतील, तर सकाळपर्यंत थांबणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. नाडी लागत नसेल तर थांबायचं नाही आणि भरल्या पोटाची तयारी करायची.

याखेरीज विचारून नोंदवायच्या गोष्टी: सतत दूध वर येतं का, अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय का, मेंदूचा विकार किंवा सेरेब्रल पाल्सी आहे का, वजन फार जास्त आहे का, डोक्याला मार आहे का. यातल्या मुलांना 1 तासाचा नियम लावू नका, आणि ठरलेल्या ऑपरेशनलाही भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच कळवा.

टॉन्सिलचं वेगळं सांगतो. ऑपरेशननंतर रात्री रक्त आलं आणि मूल परत आणलं, तर ते थुंकतं त्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त गिळलेलं असतं. सारखं सारखं गिळतंय एवढीच खूण कधी कधी दिसते. ते पोट रक्ताने भरलेलं समजा, मग काही खाल्लेलं असो वा नसो.

---

सिस्टर_कृष्णाकाठ

सर, खूप उपयोग झाला. दोन शंका उरल्या. एक, ज्याबद्दल आधी लिहिलं नव्हतं: येताना गणपतीला जाऊन येतात आणि प्रसाद म्हणून मुलाच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घालतात. सकाळी 7 ला अर्धा कंदी पेढा, नंबर 9 ला. एवढ्याशा तुकड्याने खरंच काही होतं का? आणि दुसरी, पूर्ण उपाशी मुलातही मास्क लावताना कधी कधी घशात पाणी येतं ते का? त्या वेळी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) आमच्याकडून काय तयार हवं?

---

कराड_गॅसबॅग (भूलतज्ज्ञ)

पेढ्याचं आधी. तो खवा आहे: आटवलेलं दूध, साय आणि साखर. वर मिरज सरांनी सांगितलेली गुठळी तिथे आधीच बांधलेली आहे. वजन 10 ग्रॅम का असेना, तीन वर्षांच्या मुलाची श्वासनळी फार बारीक असते, आणि अर्धवट विरघळलेला खवा चिकट असतो. सक्शनच्या, म्हणजे घशातलं ओढून घेणाऱ्या मशीनच्या, बारीक नळीतून तो ओढला जात नाही, नळीच तुंबते. म्हणून तो घट्ट अन्न, 6 तास. 7 ला खाल्ला असेल तर 1 च्या आधी नाही. लिस्टमध्ये ते मूल शेवटी टाका, मधल्या वेळात 11 पर्यंत पाणी पाजत राहा. तासगाव, कवठेमहांकाळकडे बेदाणा घरात असतोच, तोही मुठीतून तोंडात जातो. त्याचाही नियम तोच.

पालक लपवतात ते ओरडा बसेल, ऑपरेशन रद्द होऊन परत जावं लागेल या भीतीने. प्रश्न विचारण्याची पद्धत बदला. "काही खाल्लं का?" याला उत्तर नेहमी "नाही" येतं. "आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं? प्रसाद, गोळी, बिस्कीट, औषध?" असं विचारा. आईला वेगळं, सोबत आलेल्या आजीला वेगळं. आणि विचारण्याआधीच सांगा की खाल्लं असेल तर नंबर मागे जाईल, रद्द होणार नाही. या एका वाक्याने खरं बाहेर येतं.

पोटात नक्की काय आहे हे पाहायचं असेल आणि सोनोग्राफीचं मशीन हाताशी असेल तर जठराचा शेवटचा भाग बघता येतो. मुलाला उजव्या कुशीवर वळवा, प्रोब छातीच्या हाडाच्या खाली उभा धरा, यकृताच्या डाव्या कडेमागे जठर दिसतं. रिकामं असेल तर चपटं किंवा गोल चक्रासारखं, भिंती एकमेकींना टेकलेल्या. पाणी असेल तर काळं. अन्न असेल तर घासलेल्या काचेसारखं धूसर. धूसर दिसलं की चर्चा संपली, थांबायचं. फक्त काळं दिसलं तर आकारमान मोजता येतं, आणि मुलांमध्ये किलोला सुमारे 1.25 मिलीपर्यंतचं पाणी नेहमीचं मानतात.

आता उपाशी मुलाच्या घशात पाणी का येतं. याचं उत्तर पोटापेक्षा भुलीत जास्त असतं. रडणारं मूल हवा गिळतं, पोट फुगतं. मग मास्कने श्वास देताना पिशवी जोरात दाबली की हवा फुप्फुसाऐवजी जठरात जाते. दाब 15 सेंमी पाण्याच्या वर गेला की हे सुरू होतं. पुढे, भूल अर्धवट असताना कोणी लॅरिंगोस्कोप (घसा बघायचं उपकरण) घातला किंवा घशात एअरवे (श्वासाची वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी) कोंबला तर मूल खोकतं, कण्हतं, पोट आवळतं, आणि जे आहे ते वर येतं. म्हणजे अर्धवट भूल आणि फुगलेलं पोट. दोन्ही आपल्या हातात आहेत. दाब 10 ते 12 वर ठेवा, हनुवटी नीट उचला, भूल पुरेशी खोल होईपर्यंत तोंडात काही घालू नका. रडणं कमी करायला आईला दारापर्यंत येऊ द्या, किंवा मिडाझोलम हे शांत करणारं औषध किलोला अर्धा मिलीग्रॅम तोंडाने, अर्धा तास आधी. तेवढ्या औषधाने पोट भरत नाही. फिटचं रोजचं औषधही सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायचंच, उपाशी आहे म्हणून चुकवायचं नाही.

मूल शुद्धीवर येतानाही तेवढंच जपा. लक्ष आधीच्या टप्प्यावर असतं आणि श्वासनळीतली नळी काढताना सगळे सैल पडतात. टॉन्सिलला आणि भरल्या पोटाला नळी काढायची ती मूल पूर्ण जागं झाल्यावर, कुशीवर, घसा आणि पोट दोन्ही ओढून घेतल्यावर.

---

ओटी_टेक्निशियन_वाई

तयारीबद्दल. सक्शन "आहे" आणि सक्शन "चालू आहे" यात फरक आहे. मूल टेबलावर यायच्या आधी मशीन सुरू करा, नळीचं तोंड अंगठ्याने दाबा आणि काटा चढतो का बघा. काटा चढला नाही तर बरणीचं झाकण, रबराची वायसर किंवा नळीतली चीर, यांपैकी काहीतरी गळतंय. यँकाअर, म्हणजे घशातलं ओढायचं कडक, जाड टोक, नळीला लावून, मशीन चालू ठेवून, उशीच्या उजव्या बाजूखाली खोचून ठेवा. बारीक कॅथेटर घशासाठी निरुपयोगी, दह्याचा गोळाही ओढत नाही. भरल्या पोटाच्या मुलाला दोन सक्शन हवीत. वीज जाते म्हणून पायाने चालवायचं सक्शन टेबलाखाली असू द्या, आणि त्याचं रबर महिन्यातून एकदा दाबून बघा.

श्वासनळीतल्या नळीतून ओढायला वेगळे कॅथेटर: नळीच्या नंबरच्या दुप्पट फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), त्याहून मोठं नको. 4.5 च्या नळीला 8 नंबर. ते आधीच फोडून ठेवायचं नाही, पण शोधावंही लागता कामा नये.

टेबल डोक्याकडून खाली करायचा दांडा रोज सकाळी एकदा फिरवून बघा. गरज लागते तेव्हा तोच अडतो.

---

भूल_मिरज

टेक्निशियन साहेबांनी सांगितलेलं प्रिंट काढून ओटीत लावण्यासारखं आहे. भरल्या पोटाच्या मुलाला भूल द्यायची पद्धत थोडक्यात लिहितो, म्हणजे सिस्टरना कळेल की तेव्हा आम्ही काय मागतो आणि का.

सलाईन आधी लागलेलं हवं. मास्कने झोपवून मग शीर शोधायची नाही. आतडं अडलेल्या मुलाला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) आधीच घातलेली असते. ती नुसती जागेवर न ठेवता तिच्यातून पोटातलं ओढून घ्यायचं, मुलाला पाठीवर, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर असं फिरवून, प्रत्येक वेळी. जठराच्या दाराला गाठ आलेल्या तान्ह्या बाळात या फिरवण्याने आणखी बरंच दूध निघतं. आणि त्या बाळाचं ऑपरेशन मध्यरात्रीची धावपळ नसते. आधी रक्तातलं क्लोराईड आणि बायकार्बोनेट सलाईनने जागेवर आणायचं, त्याला एक-दोन दिवस लागले तरी चालतात.

मोठ्या माणसाला आपण औषध देऊन, मास्कने श्वास न देता, थेट नळी घालतो. तान्ह्या मुलात तसं जमत नाही. त्याचं शरीर किलोला मिनिटाला 6 ते 8 मिली ऑक्सिजन खातं, मोठ्याच्या दुप्पट, आणि फुप्फुसातला साठा छोटा. श्वास थांबला की मिनिटभरात ऑक्सिजन कोसळतो, नाडी मंदावते, हात थरथरायला लागतात आणि त्या घाईतच नळी चुकते. म्हणून आता औषध दिल्यावर, 10 ते 12 च्या दाबाने, हळुवार मास्कने श्वास देत राहायचं आणि स्नायू पूर्ण सैल पडल्यावर शांतपणे नळी घालायची. नळी घालायची घाई स्वतःच एक धोका आहे, कारण घाईत अर्धवट भुलीतच घसा डिवचला जातो.

साडेतीन किलोच्या बाळाला: अट्रोपीन किलोला 20 मायक्रोग्रॅम म्हणजे 70 मायक्रोग्रॅम, झोपवायला प्रोपोफोल किलोला 3 म्हणजे साधारण 10 मिलीग्रॅम, मग स्नायू सैल करायला स्कोलीन किलोला 2 म्हणजे 7 मिलीग्रॅम किंवा रोक्युरोनियम किलोला 1.2 म्हणजे 4.2 मिलीग्रॅम. रक्तदाब पडलेला असेल तर प्रोपोफोलऐवजी केटामाईन. स्नायूंचा आनुवंशिक आजार असेल किंवा तशी शंका असेल तर स्कोलीन नाही. हे सगळं वजनावर आधीच सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून. आणि वजन त्याच दिवशी काट्यावर केलेलं, आईने सांगितलेलं नव्हे.

गळ्यावर बोट दाबायचं का, म्हणजे क्रिकॉइड प्रेशर? 1961 साली सेलिकने ते सांगितलं आणि पुढे सगळीकडे रुळलं. तान्ह्या मुलाची श्वासनळी मऊ असते, थोड्याशा दाबानेही ती चेपते आणि नळी जाईना होते. म्हणून मी सिस्टरना दाबायला सांगत नाही. सांगितलं आणि समोर काही दिसेना, तर "सोडा" म्हटल्याबरोबर सोडायचं.

श्वासनळीतली नळी शक्यतो फुग्याची. तिचा नंबर: वय भागिले 4, अधिक 3.5. चार वर्षांच्या मुलाला 4.5. जवळ अर्धा नंबर लहान आणि मोठी. फुग्याचा दाब 20 सेंमी पाण्याच्या वर नको.

---

कराड_गॅसबॅग

आणि एवढं करूनही घशात आलंच, तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी पिशवी दाबणं थांबवा. हात आपोआप दाबायला जातो आणि घशातलं खाली ढकललं जातं. टेबल डोक्याकडून खाली, मूल डाव्या कुशीवर, घसा ओढून स्वच्छ. ऑक्सिजन 100 टक्के. भूल खोल करा, नळी घाला, आणि पहिला श्वास द्यायच्या आधी नळीतून सक्शन करा. ऑक्सिजन फारच खाली गेला तर मात्र सक्शनसाठी अडून बसायचं नाही, श्वास द्यायचा.

नळीतून सलाईन टाकून फुप्फुस "धुवायला" जाऊ नका. आम्ल काही सेकंदांत आपलं काम करून मोकळं झालेलं असतं, धुण्याने ते आणखी खोल जातं. खव्यासारखा तुकडा अडकला असेल तर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनळीत बघून तो काढणं. घरघर असेल तर श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल. लगेच स्टिरॉईड किंवा अँटिबायोटिक सुरू करायचं कारण नाही, आतड्यातला मळ वर आला असेल तर गोष्ट वेगळी. ऑपरेशन अजून सुरू व्हायचं असेल आणि थांबू शकत असेल तर थांबवा.

नंतर 2 तास बारीक लक्ष. वर मेयो क्लिनिकच्या आकडेवारीत सांगितलेल्या 24 मुलांपैकी 15 जणांना 2 तासांत खोकला, घरघर, ऑक्सिजन कमी पडणं यातलं काहीच झालं नाही, आणि त्यांना पुढेही काही झालं नाही. उरलेल्या 9 पैकी 5 जणांना श्वासाला आधार लागला, त्यातले 3 जण 48 तासांहून जास्त व्हेंटिलेटरवर होते. एकही दगावलं नाही. म्हणजे 2 तासांनी खोलीच्या हवेवर ऑक्सिजन नेहमीइतका, श्वासाची गती नेहमीची, छाती स्वच्छ असेल तर मूल वॉर्डात जाऊ शकतं. नसेल तर बालअतिदक्षता विभाग, आणि तुमच्याकडे तो नसेल तर मिरजेला किंवा सांगलीत जिथे आहे तिथे त्याच क्षणी फोन, लक्षणं वाढायची वाट न बघता. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो मागून बदलतो.

पालकांना काय झालं ते त्याच दिवशी, सरळ शब्दांत सांगा. प्रसादावरून आजीला दोष द्यायचा नाही.

---

सिस्टर_कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकाचा मसुदा केला आहे, बघाल का?

"मुलाचा नंबर ____ वाजता आहे. (हे आम्ही पेनाने भरू.) जेवण, बिस्कीट, फळ, प्रसाद, वरचं दूध, ताक, पेज, चहा, उसाचा रस: ____ वाजल्यानंतर नाही. अंगावरचं दूध: ____ वाजेपर्यंत पाजा. त्यासाठी बाळाला झोपेतून उठवलं तरी चालेल. साधं पाणी किंवा साखरपाणी: ____ वाजेपर्यंत भरपूर पाजा. हॉस्पिटलात आल्यावर पाणी आम्ही पाजू. प्रसाद पदराला बांधून ठेवा, ऑपरेशननंतर सिस्टरना विचारून द्या. चुकून काही दिलं गेलं तर लगेच सांगा. ऑपरेशन रद्द होणार नाही, नंबर मागे जाईल. मुलाला उलटी, खोकला, ताप असेल तर निघण्याआधी फोन करा."

आदल्या रात्री 8 ला प्रत्येक घरी फोन करून हेच वाचून दाखवायचं ठरवतोय.

---

भूल_मिरज

छान झालं आहे. पाण्याची ओळ सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात घ्या, कारण "नाही" आधी वाचलं की पुढचं कोणी वाचत नाही. आणि लिस्ट लांबली तर रिकाम्या जागेतली वेळ तुम्हीच खोडून नवी लिहा, 10 चं मूल 12 ला जाणार असेल तर त्याला पाणी 10 पर्यंत मिळालं पाहिजे. लहानात लहान बाळ पहिल्या नंबरला.

---

बालशल्य_सांगली

एक राहिलं. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी "गुटी" हा शब्द घाला. सकाळी आंघोळीनंतर उगाळून, दुधात कालवून चाटवतात आणि ती कोणाच्याच हिशोबात खाणं नसते. विचारलं तर आई खरंच म्हणते की बाळाला काही दिलं नाही. "वरचं दूध"च्या पुढे "गुटी, मध" एवढं लिहा.